महिन्याचा मानकरी आणि अडकलेला ओव्हरटाइम

वाचकाचे पत्र : मी नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मनुष्यबळ विभाग सांभाळते. कायम आणि कंत्राटी मिळून पावणेदोनशे माणसे आहेत. दोन वर्षांपूर्वी मालकांच्या इच्छेवरून आम्ही ‘महिन्याचा मानकरी’ ही योजना सुरू केली. कँटीनच्या भिंतीवर फोटो, एक प्रमाणपत्र आणि हजार रुपयांचे व्हाउचर असे तिचे स्वरूप आहे. सुरुवातीला उत्साह होता. पुढे कोणी नाराज होऊ नये म्हणून प्रत्येक विभागाला आळीपाळीने संधी द्यायचे ठरले. आता महिनाअखेर आली की लोक ‘या वेळी कोणाचा नंबर लागून राहिला?’ असे विचारतात आणि ज्याचा फोटो लागतो त्याला ‘आज तुमचा पोळा’ म्हणून चिडवतात. गेल्या महिन्यात टूल रूममधल्या, म्हणजे यंत्रांचे साचे (डाय) सांभाळणाऱ्या विभागातल्या, एका ज्येष्ठ कारागिरांनी सर्वांसमोर प्रमाणपत्र घ्यायला नकार दिला. ‘मॅडम, फोटो राहू द्या, ओव्हरटाइमचा हिशोब तेवढा पाहून द्या,’ एवढेच ते म्हणाले. मालक दुखावले आहेत. बक्षीस लहान आहे म्हणून असे होते, असे त्यांना वाटते. आता कर्मचाऱ्यांनी एकमेकांना दिलेले गुण मोबाइलवर जमा करण्याचे एक ॲप घ्यावे आणि उन्हाळ्यात हजेरी घसरते म्हणून पूर्ण हजेरीचे वेगळे बक्षीस ठेवावे, असे त्यांनी सुचवले आहे. मी ही योजना बंद करावी की वाढवावी?

उत्तर :

महोदया,

आपल्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण जाता जाता लिहून गेला आहात, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो. त्या कारागिरांनी प्रमाणपत्र नाकारताना ओव्हरटाइमच्या हिशोबाचा उल्लेख केला. पण तो हिशोब खरोखर अडला आहे का, किती महिन्यांपासून आणि कोणाच्या टेबलावर, याविषयी पत्रात एक शब्दही नाही. मालक दुखावले, समारंभाचा विरस झाला, हे सगळे आहे. त्या माणसाने मागितले काय, ते मात्र तसेच राहिले आहे. माझी आपल्याला पहिली विनंती अशी की, योजनेचे काय करायचे हे ठरवण्याआधी हजेरीपत्रक, शिफ्टची नोंदवही आणि पगारपत्रक समोरासमोर ठेवून गेल्या वर्षभराचा हिशोब तपासावा, आणि तो एकट्या त्यांचा न तपासता संपूर्ण टूल रूमचा तपासावा. ठरलेल्या तासांवरच्या कामाला दुप्पट दराने मोबदला देणे हे कायद्याचे बंधन आहे. तीच गोष्ट बोनसची. १९६५ च्या बोनस कायद्याने घालून दिलेली आणि आता वेतन संहितेत आलेली किमान ८.३३ टक्के व कमाल २० टक्के ही चौकट, तसेच हिशोबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत तो देण्याची मुदत, या बाबी मालकांच्या खुशीवर सोडलेल्या नाहीत. दिवाळीच्या पाकिटाला ‘आमच्याकडून भेट’ म्हणण्याची सवय आपल्याकडच्या अनेक कारखान्यांत आहे. कामगार ते ऐकून घेतात, पण आपल्या हक्काची रक्कम कोणती आणि भेट कोणती हे त्यांना पक्के ठाऊक असते. हक्काचे पैसे अडलेले असताना दिलेले बक्षीस म्हणूनच गोड लागत नाही. एका हाताने ठेवून घेतलेल्यातलेच थोडेसे दुसऱ्या हाताने टाळ्यांच्या गजरात परत मिळते आहे, असे घेणाऱ्याला वाटते, आणि ते वाटणे चुकीचे आहे असे मला म्हणवत नाही.

पैसा आणि कौतुक यांच्या नात्याविषयी व्यवस्थापनाच्या वर्गात फ्रेडरिक हर्झबर्ग यांचे नाव हमखास येते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातील २०३ अभियंते व लेखापाल यांच्या मुलाखती घेऊन १९५९ मध्ये असे मांडले की, माणसाला कामात समाधान देणाऱ्या गोष्टी आणि त्याला असमाधानी करणाऱ्या गोष्टी या दोन वेगळ्या जातीच्या असतात. काम तडीस नेल्याचा आनंद आणि त्या कामाची घेतली गेलेली दखल या पहिल्या जातीत येतात. कंपनीचे धोरण, देखरेखीची पद्धत, पगार आणि कामाच्या जागेची स्थिती या दुसऱ्या. दुसऱ्या जातीतल्या गोष्टी बिघडल्या की पहिलीतल्या कितीही वाढवल्या तरी तक्रार मिटत नाही. आपल्या कारखान्यात नेमके हेच चालले आहे. मात्र हर्झबर्ग यांच्या नावावर ‘माणसांना पगारापेक्षा शाबासकी प्रिय असते’ असे सोयीचे वाक्य खपवणारे प्रशिक्षकही भेटतात, त्यांच्यापासून सावध राहावे. ज्यांच्या मुलाखती झाल्या ते स्थिर पगाराचे अभियंते आणि लेखापाल होते. रोजंदारीवर प्रेस चालवणाऱ्या हेल्परला कोणी विचारले नव्हते.

आधी हक्काचे आणि मग कौतुकाचे, हा क्रम नागपूरकरांना नवा नाही. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी इथे सुरू झाली तेव्हा हजेरीचा प्रश्न आपल्यापेक्षा बिकट होता. साधारण पाचातला एक कामगार रोज गैरहजर असे, कारण शेती आणि गाव सोडून बारमाही गिरणीत राबण्याची सवयच तोवर कोणाला नव्हती. त्यावर त्यांनी बक्षिसे वाटली, हे खरे आहे. खेळांचे आणि कुटुंबीयांना बोलावण्याचे दिवस ठरवून मोठ्या थाटात इनामे दिली जात. परंतु त्याच गिरणीत १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी उभा राहिला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. यांतले काहीही देण्याची सक्ती करणारा कायदा तेव्हा देशात नव्हता. गिरणीत हात सापडला तर घर उघड्यावर पडणार नाही, ही खात्री ज्याला मिळते आहे, त्याला समारंभातले घड्याळ खरोखर भेट वाटते. ती गिरणी पुढे १९८६ मध्ये राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली, हा वेगळा आणि दुःखाचा विषय आहे, त्यात इथे शिरत नाही. आपल्या मालकांना परदेशी ॲपचे सादरीकरण दाखवले जाईल तेव्हा गांधीसागराजवळच्या त्या गिरणीचा इतिहासही त्यांच्यापुढे ठेवावा, एवढेच मला सुचवायचे आहे.

आता योजनेकडे वळू. आळीपाळी सुरू झाली त्या दिवशीच ती संपली, असे माझे स्पष्ट मत आहे. आपला हेतू चांगला होता हे मी जाणतो. परंतु विभागवार नंबर लागू लागला की फोटोतून एकच गोष्ट कळते, ती म्हणजे या महिन्यात पेंट शॉपची पाळी होती. त्या माणसाने काय केले हे कोणालाही सांगता येत नाही, बऱ्याचदा त्याला स्वतःलाही नाही. ‘आज तुमचा पोळा’ या चिडवण्यात म्हणूनच मोठी समज आहे. झूल, बाशिंग आणि पुरणपोळी एक दिवस. उरलेले वर्ष कोणी ढुंकून पाहत नाही. कामगारांनी आपल्या योजनेचे परीक्षण तीन शब्दांत करून दिले आहे, आणि बाहेरच्या सल्लागाराने मोठी फी घेऊन याहून अचूक काही सांगितले नसते.

दखल घेणे म्हणजे समोरच्याचे काम आपण पाहिले आहे, ते आपल्याला समजले आहे, हे त्याला कळू देणे. ती घ्यायची कोणी? आपल्या पत्रात मालक आहेत, आपण आहात, कामगार आहेत. सुपरवायझर कुठेच नाहीत. खरे तर काम दिसते त्यांनाच. प्रेस शॉपच्या सुपरवायझरने शिफ्ट बदलताना, दोन्ही पाळ्यांची माणसे समोर असताना, ‘काल रात्री तिसऱ्या प्रेसचा आवाज बदललेला यांनी ओळखला आणि मशीन थांबवून डाय तपासायला लावली, नाहीतर आज आपण सगळे मिळून रिजेक्शन मोजत बसलो असतो’ असे म्हटले, तर त्या बोलण्यात काय घडले, कोणी केले आणि त्यामुळे कोणते नुकसान टळले हे तिन्ही येते. ‘छान काम, असेच चालू ठेवा’ यात यातले एकही येत नाही. पहिले वाक्य बोलण्यासाठी रात्रीच्या शिफ्टला काय झाले याची माहिती काढावी लागते, म्हणून ते दुर्मीळ आहे. व्हाउचर छापून घेणे त्या मानाने पुष्कळ सोपे.

अशा बोलण्याने काही फरक पडतो का, हा प्रश्न मालक विचारतील, आणि तो रास्त आहे. अमेरिकेतील एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी काहींना त्यांच्या संचालिकेने प्रत्यक्ष भेटून त्यांच्या कामाबद्दल मनापासून धन्यवाद दिले, तेव्हा पुढच्या आठवड्यात त्यांचे फोन निम्म्याहून अधिक वाढले. ज्यांना कोणी भेटले नाही त्यांचे जवळपास तेवढेच राहिले. ॲडम ग्रँट आणि फ्रान्चेस्का जीनो यांचा हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. झुरिकमधील आणखी एका प्रयोगात माहिती भरण्याचे काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना नुसत्या अभिनंदनाच्या कार्डाचे आश्वासन होते, पैसे अजिबात नव्हते, तरी काम सुमारे १२ टक्के अधिक झाले. ही दोन्ही कामे थोड्या मुदतीची होती, हे लक्षात ठेवावे. तेच कार्ड सलग दोन वर्षे मिळाले असते तर त्याचेही आपल्या प्रमाणपत्रासारखे झाले नसते असे कोण सांगेल?

टूल रूमविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण नकार तिथूनच आला, हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. उत्पादनाच्या आकड्यांवरून मानकरी ठरवला की ज्यांचे काम आकड्यांत उमटत नाही ती माणसे कायमची बाहेर राहतात. डाय वेळेवर उघडून, साफ करून, घासून पुन्हा बसवणाऱ्या कारागिराचे यश म्हणजे त्या महिन्यात काहीही न घडणे. ब्रेकडाउन झाला नाही, ग्राहकाकडून माल परत आला नाही, रविवारी कोणाला घरून बोलवावे लागले नाही, याची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही. उलट ज्याच्या हलगर्जीपणाने मशीन बंद पडते आणि मग तोच रात्रभर जागून ते सुरू करतो, तो सगळ्यांच्या नजरेत भरतो आणि पुष्कळदा बक्षीसही तोच घेऊन जातो. स्टोअर, गुणवत्ता तपासणी आणि सफाई यांची कथा हीच आहे. मेच्या अखेरीस, नवतपात, शेडखालचा पारा बाहेरच्या ४५ अंशांच्याही वर जातो, तेव्हा कूलरच्या टाक्या आणि पिण्याच्या पाण्याच्या कॅन भरलेल्या ठेवणारा मुलगा दिवसभराच्या उत्पादनाला किती कारण असतो, याचा हिशोब कोणी केलेला मला माहीत नाही.

एकाला निवडून उंच बसवण्याचा धोका सर्वांत ठळकपणे दिसला तो सोव्हिएत रशियात. अलेक्सेई स्ताखानोव्ह या खाणकामगाराने ऑगस्ट १९३५ मध्ये एका पाळीत १०२ टन कोळसा काढला; नेमून दिलेले प्रमाण ७ टनांचे होते. देशभर त्याचा जयजयकार झाला. पण त्या पाळीत तो फक्त कोळसा फोडत होता आणि छताला लाकडी आधार देण्याचे वेळखाऊ काम त्याच्या मागे दुसरी दोन माणसे करत होती, हे गौरवाच्या गदारोळात हरवले. पुढच्या वर्षी निरनिराळ्या उद्योगांत सगळ्यांचेच नेमून दिलेले प्रमाण वाढवण्यात आले, आणि विक्रमवीरांविषयी सोबत्यांच्या मनात राग का होता, हे मग निराळे सांगावे लागले नाही. आपल्याकडेही जास्त नग काढणाऱ्याचा फोटो लागला की शेजारचा मनात हाच हिशोब करतो : उद्या हे टार्गेट माझ्या माथी येणार. म्हणून उत्पादनासाठी काही द्यायचेच असेल तर ते संपूर्ण सेलला किंवा शिफ्टला द्यावे, देखभाल आणि स्टोअरची माणसे धरून द्यावे, आणि त्या आकड्यावरून पुढचे उद्दिष्ट वाढवणार नाही असे मालकांनी आधी लेखी सांगावे.

पूर्ण हजेरीच्या बक्षिसाला माझा विरोध आहे. अमेरिकेतील एका औद्योगिक धुलाई कंपनीच्या पाच कारखान्यांपैकी एकात असे बक्षीस सुरू झाले होते : महिनाभर विनापरवानगी गैरहजर नाही आणि उशीर नाही, तर सोडतीत नाव आणि भेटकार्ड मिळण्याची संधी. गब्लर, लार्किन आणि पीअर्स या अभ्यासकांनी त्याच्या नोंदी तपासल्या. लोक वेळेवर येऊ लागले खरे, परंतु उशीर होणार असे दिसले की आजारपणाचा फोन करून पूर्ण दिवसच घरी राहण्याची युक्तीही निघाली, कारण रजेने नाव कटत नव्हते. त्याहून वाईट असे की, बक्षीस नसतानाही ज्यांची हजेरी उत्तम होती अशांच्याच कामाचा वेग सुमारे ६ ते ८ टक्क्यांनी घसरला. जे ते कर्तव्य म्हणून करत होते त्याची किंमत ठरवली गेली, आणि तीही इतरांच्या आळसावर उतारा म्हणून. आपल्याकडे उन्हाळ्यात हजेरी का घसरते हे तर उघड आहे. दुपारी दोनच्या पाळीला बस नसेल, प्रेस शॉपमध्ये पंखा नुसती गरम हवा फिरवत असेल, तर माणूस दांडी मारतो. शिवाय बक्षिसाच्या आशेने ताप अंगावर काढून, चक्कर येत असताना प्रेसवर उभा राहिलेला कामगार ही कौतुकाची गोष्ट नाही. ती अपघाताची तयारी आहे. एप्रिल ते जून या काळात पाळीची वेळ पहाटेकडे सरकवणे, जादा विश्रांती, ताक आणि थंड पाणी यांवर तोच पैसा खर्च करावा.

कंत्राटी कामगारांना या योजनेत स्थान आहे का, हे आपण लिहिलेले नाही. बहुतेक ठिकाणी नसते. ‘ते ठेकेदाराचे’ असे सांगितले जाते. एकाच मशीनच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या दोघांपैकी एकालाच शाबासकी मिळू शकते, हे दुसऱ्याला रोज दिसत असते. शब्दाने घेतलेल्या दखलेला ठेकेदाराची परवानगी लागत नाही, तेव्हा निदान तिथे तरी भेद करू नये.

मग भिंतीवर काही लावायचेच नाही का? लावावे, पण सुचलेल्या सुधारणा लावाव्यात. टोयोटात कामगारांच्या सूचनांची पद्धत १९५१ पासून चालत आली आहे, आणि आपल्याकडे केंद्र सरकारचा विश्वकर्मा राष्ट्रीय पुरस्कार कामगारांनी केलेल्या उपयुक्त सूचनांसाठीच आहे. सूचनापेटी बहुतेक कारखान्यांत असते, तिच्यावर धूळही असते, कारण आत टाकलेल्या चिठ्ठीचे काय झाले हे कधीच कळत नाही. नियम एवढाच करावा की प्रत्येक सूचनेला पंधरा दिवसांत उत्तर मिळेल, नकार असेल तर कारणासह, आणि स्वीकारली तर ती अमलात आणताना सुचवणारा तिथे हजर असेल. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या गुणवंत कामगार पुरस्कारासाठी आपल्याकडून कोणाचा अर्ज जाऊ शकतो, हेही पाहावे. त्या अर्जाची कागदपत्रे जमवायला आपल्या विभागाने मदत केली तर ती स्वतःच एक दखल ठरेल.

ज्येष्ठ कारागिरांकडे आपण स्वतः जावे, त्यांना कार्यालयात बोलावू नये, आणि मालकांना तूर्त सोबत नेऊ नये. हिशोब तपासून झाल्यावरच जावे, म्हणजे हातात आकडा असेल. प्रमाणपत्राचा विषय काढू नये. तो त्यांनी काढला तर ऐकून घ्यावे. फरक निघाला असेल तर तो पुढच्या पगारात सर्वांना मिळेल असे सूचनाफलकावर लावावे, म्हणजे एकट्याने आवाज उठवला म्हणून एकट्याचे काम झाले असा समज पसरणार नाही. आळीपाळीची योजना थांबवत असल्याचे त्याच फलकावर, कारण न लपवता, लिहावे. यापुढे वर्षातून एकदा, खंडेनवमीला यंत्रपूजेच्या वेळी, सुपरवायझरांनी वर्षभरातल्या चार-सहा गोष्टी नावानिशी सांगाव्यात, एवढा समारंभ पुरे. त्या वेळी भेट द्यायची झाल्यास वस्तुरूप द्यावी. रोख रक्कम पगारात धरली जाऊन तिच्यावर कर लागतो, तर वस्तुरूप भेटीला वर्षाकाठी ठरावीक मर्यादेपर्यंत सूट मिळते, ती मर्यादा लेखा विभागाकडून तपासून घ्यावी.

राहिले ॲप. मालकांचा आग्रह कायम असेल तर वाद घालत बसू नये. ते तीन महिने फक्त कार्यालयीन कर्मचाऱ्यांपुरते घ्यावे, शॉप फ्लोअरवर नेऊ नये, कारण प्रेसजवळ मोबाइल वापरायला आपणच बंदी घातलेली असणार. तीन महिन्यांनी गुण कोणी कोणाला दिले याची यादी काढून मालकांसमोर ठेवावी. बरेचसे गुण खालून वर, म्हणजे कर्मचाऱ्यांकडून साहेबांकडे गेलेले दिसले, तर वार्षिक वर्गणी भरण्याआधी ती यादी त्यांनी शांतपणे वाचावी, आणि त्याच रकमेत प्रेस शॉपसाठी किती कूलर येतात याचे दरपत्रक आपण सोबत जोडावे.